लिहिलेली कार्डं काढून टाकू नका

पत्र: मी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते. काही वर्षांपूर्वी एका घरच्या सामानविक्रीत बुटांच्या खोक्यात भरलेली जुन्या मोटेलांची पोस्टकार्डं मिळाली आणि तेव्हापासून नादच लागला. आता चारशेच्या आसपास झाली आहेत, बरीचशी मिसूरी आणि न्यू मेक्सिकोची. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही घर विकून लहान कॉन्डोत जातोय. यजमान म्हणतात, तुला एक कप्पा मिळेल, त्यात बसेल तेवढं ठेव. कार्डांच्या प्रदर्शनात एक विक्रेता म्हणाला, लिहिलेली आणि शिक्का बसलेली काढून टाका, कोरी तेवढी ठेवा. माझी निम्मी तरी लिहिलेलीच आहेत. सोबत एका कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवतेय. त्याच्यावर तर कुणीतरी बॉलपेनने फुली मारली आहे. असली टाकून द्यायची का? जुनी कोणती आणि अलीकडे छापलेली कोणती, हे कसं ओळखायचं? आणि सांगलीहून आई विचारते, ज्यांचं नावगाव माहीत नाही त्यांची पत्रं तू कशाला जपतेस? तिला काय सांगू?

उत्तर:

फुली मारलेलं कार्ड टाकू नका. खोक्यातली दुसरी शंभर गेली तरी चालतील, हे जाऊ देऊ नका.

तो विक्रेता त्याच्या धंद्याच्या हिशेबाने बरोबर बोलला. कोरं, कोपरे न मुडलेलं कार्ड पटकन विकलं जातं आणि दोन पैसे जास्त मिळतात. पण तुम्हाला विकायचं नाहीये. तुम्हाला ठेवायचं आहे, आणि ठेवणाऱ्याने कार्ड उलटून बघायचं असतं. तुमच्या फोटोवरून आपण तेच करून बघू.

पुढच्या बाजूला खोल्यांची बैठी रांग, लाल छप्पर, जरा जास्तच निळं आभाळ, दारासमोर हिरवी गाडी. कागदावर कापडासारखी वीण दिसते, म्हणजे हे लिनन कार्ड. कागदाला तशी वीण उठवली की शाई लवकर वाळायची, म्हणून भडक रंग वापरता यायचे. कडेला बारीक अक्षरांत 'सी. टी. आर्ट-कलरटोन' असं आहे, म्हणजे छपाई शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीची. त्याच्याजवळचा आकडा '२सी-एच' असा सुरू होतो. या कंपनीची ही खूण एकदा कळली की निम्मं काम झालं. ए म्हणजे १९३० चं दशक, बी म्हणजे १९४० चं, सी म्हणजे १९५० चं, आणि अक्षराआधीचा आकडा त्या दशकातलं वर्ष. तेव्हा तुमचं कार्ड १९५२ साली छापायला गेलेलं आहे.

आता मागची बाजू. डावीकडे मोटेलने स्वतःची जाहिरात छापली आहे: फरशीची न्हाणीघरं, ब्यूटीरेस्ट गाद्या, थंड हवेची सोय. पोहण्याच्या तलावाचा उल्लेख नाही. उजवीकडे जुने राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचं चित्र असलेलं दोन सेंटांचं लालसर तिकीट. शिक्क्यात २२ ऑगस्ट वाचता येतं, साल पुसट झालं आहे. आणि मजकूर आहे तो असा: मंगळवार रात्र. आमच्या खोलीवर फुली केली आहे. पोरं तलावातून बाहेर यायला तयार नाहीत. गाडी नीट चालतेय. उद्या पुढे निघणार.

तिकिटापासून सुरुवात करू. पोस्टकार्डाला दोन सेंट पडायचे ते १ जानेवारी १९५२ पासून ३१ जुलै १९५८ पर्यंत. आधी एक सेंट होता, नंतर तीन झाले. जेफरसनचं हे तिकीट निघालं सप्टेंबर १९५४ मध्ये. त्यानंतरचा आणि तीन सेंट होण्याआधीचा ऑगस्ट, म्हणजे १९५५, ५६ किंवा ५७. या तिन्ही वर्षांची कॅलेंडरं काढली तर २२ ऑगस्ट १९५५ ला सोमवार, १९५६ ला बुधवार आणि १९५७ ला गुरुवार येतो. मंगळवारी रात्री लिहिलं, सकाळी निघताना पेटीत टाकलं, हे १९५६ शीच नीट जुळतं.

आणि मग तलावाचं कोडंही सुटतं. कार्ड छापलं तेव्हा तलाव नसणार, नाहीतर मालकाने तो सगळ्यात आधी छापला असता. चार वर्षांत त्याने तलाव बांधला, पण हजारो कार्डं पडून होती, ती संपेपर्यंत जुनीच वापरली. ही गोष्ट त्या कार्डाच्या कोऱ्या प्रतीवरून कुणालाही सांगता येणार नाही. बॉलपेनने चित्राची नासाडी करणाऱ्या त्या बाईने (हस्ताक्षरावरून मला ती पोरांची आईच वाटते) तुमच्यासाठी मोटेलचा इतिहास लिहून ठेवला आहे.

एक आणखी. त्याच वर्षी २९ जून १९५६ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्गांच्या कायद्यावर सही केली होती. ४१,००० मैलांचे नवे, रुंद, गावं टाळून जाणारे रस्ते त्यातून व्हायचे होते. पोरं तलावात डुंबत होती त्या आठवड्यात मोटेलमालकाला याचा कितपत अंदाज असेल, माझ्या मनात येत राहतं. जुन्या ६६ नंबरच्या रस्त्यावर त्याचा धंदा होता. तो रस्ता १९२६ साली ठरला, शिकागोहून कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकापर्यंत जायचा, आणि प्रत्येक गावाच्या मधून जायचा म्हणूनच गावोगावची मोटेलं चालायची. नवा रस्ता एकेका गावाला वळसा घालत गेला. सगळ्यात शेवटी, ऑक्टोबर १९८४ मध्ये, ॲरिझोनातलं विल्यम्स हे गाव असं बाजूला पडलं. पुढच्याच वर्षी ६६ हा नंबर सरकारी यादीतून काढून टाकला.

ही कार्डं खोलीतल्या मेजाच्या खणात फुकट ठेवलेली असायची. पाहुणा स्वतःचे दोन सेंट घालून ती नातेवाइकांना, शेजाऱ्यांना पाठवायचा, म्हणजे जाहिरातीचा टपालखर्च गिऱ्हाईकच करायचं. मालकाची ही हुशारी मला फार आवडते. म्हणून शिक्का बसलेलं कार्ड हे आपलं काम पूर्ण केलेलं कार्ड आहे. कोरं राहिलं ते बहुधा कुणाच्या तरी बॅगेत घरी गेलेलं.

आता जुनं-नवं ओळखण्याबद्दल. तुमच्या खोक्यात ढोबळमानाने तीन जाती असतील. वीण असलेली लिनन कार्डं १९३० पासून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची. गुळगुळीत, चकचकीत, रंगीत फोटोवरून छापलेली ती क्रोम कार्डं. १९३९ मध्ये युनियन ऑइलच्या पश्चिमेकडच्या पेट्रोलपंपांवर ती दिसू लागली आणि महायुद्ध संपल्यावर त्यांनी लिननला हटवलं. डेक्स्टर प्रेस, प्लास्टिक्रोम, मिरो-क्रोम अशी नावं मागे दिसतील. तिसरी जात म्हणजे खऱ्या फोटोच्या कागदावर धुतलेली काळी-पांढरी कार्डं. तुमच्या न्यू मेक्सिकोच्या गठ्ठ्यात 'फ्रॅशर्स' असं नाव सापडलं तर ते कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या फ्रॅशर यांच्या स्टुडिओचं. ही कार्डं संख्येने थोडी आणि चित्रात प्रामाणिक असतात.

प्रामाणिक म्हटलं ते मुद्दाम. लिनन कार्डावरच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. मूळ फोटो काळा-पांढरा असायचा. छप्पर लाल की हिरवं याची टिपणं फिरता एजंट करून आणायचा आणि बाकी सगळं छापखान्यातले कारागीर करायचे. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोतल्या साडीला रंग भरायचे, तसाच हा प्रकार. विजेचे खांब आणि तारा पुसून टाकायच्या, कोरड्या माळावर हिरवळ उगवायची, आभाळात ढग घालायचे. म्हणून चित्रातल्या गाडीच्या मॉडेलवरून एवढंच म्हणता येतं की कार्ड त्याच्या आधीचं नाही. फार नंतरचंही असू शकतं.

क्रोमवर साल क्वचितच असतं, तिथे मागचा मजकूर उपयोगी पडतो. पत्त्यात पाच आकडी झिप कोड छापलेला असेल तर कार्ड जुलै १९६३ नंतरचं. खोलीत टीव्ही आहे हे अभिमानाने सांगितलं असेल तर बहुतेक १९५० चं दशक, रंगीत टीव्ही म्हटलं असेल तर त्याच्या पुढचं. नाणं टाकलं की थरथरणाऱ्या 'मॅजिक फिंगर्स' पलंगाचा उल्लेख १९५८ च्या आधी येणार नाही (पाव डॉलरला पंधरा मिनिटं चालायचा तो).

अलीकडच्या नकलांचा बंदोबस्त सोपा आहे. जुनं कार्ड साडेतीन बाय साडेपाच इंचाचं असतं. नवी नक्कल बहुतेक वेळा चार बाय सहाची, आणि लिननची नक्कल असेल तर वीण नुसती छापलेली, बोटाला लागत नाही. एक छोटा अतिनील दिवा घ्या. १९५० च्या सुमारापासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालू लागले. १९३८ चं म्हणून विकलं जाणारं लिनन कार्ड त्या दिव्याखाली निळसर झगझगू लागलं, तर पैसे परत मागा.

मग काय टाकायचं? खरं सांगायचं तर जागेसाठी काहीच टाकायची गरज नाही. जागा अल्बम खातात. चारशे कार्डं पातळ पाकिटांत घालून उभी ठेवली तर दीड फुटाच्या एका खोक्यात सहज मावतात आणि यजमानांनी दिलेल्या कप्प्यात वर आणखी जागा उरते. हे त्यांना खोकं भरूनच दाखवा.

कमी करायचंच असेल तर वेगळ्या कारणासाठी करा. आत्ता तुमच्याकडे कार्डं आहेत, संग्रह नाही. त्यांतली बरीचशी मिसूरी आणि न्यू मेक्सिकोची आहेत, म्हणजे खोक्यानेच ६६ नंबरचा रस्ता निवडून दिला आहे. शिवाय तो सुरू होतो तुमच्या जवळच्या शिकागोत आणि जातो तुमच्या घराजवळच्या जॉलिएटमधून. तोच धरा. फ्लोरिडाचे समुद्रकिनारे, न्यूयॉर्ककडच्या कॅटस्किल डोंगरांतली हॉटेलं, हॉलिडे इनच्या साखळीची एका साच्यातली क्रोम कार्डं हे सगळं मोकळं करा. एकाच मोटेलची दोन सारखी कोरी कार्डं असतील तर एक द्या. मात्र एकाच मोटेलची वेगवेगळ्या वर्षांची असतील तर ती कधीही फोडू नका. पाटी बदलली, मोटार उभी करायच्या छपरीची खोली झाली, तलाव आला, मालकांची नावं बदलली, हे त्या दोन-तीन कार्डांतच दिसतं.

नामांकित मोटेलांच्या मागे फार लागू नका. टुकमकारीचं ब्लू स्वॅलो, हॉलब्रुकचं सिमेंटच्या तंबूंचं विगवॅम, सेंट लुईसचं पिवळ्या चकचकीत विटांचं कोरल कोर्ट, ही सगळ्यांनाच हवी असतात आणि त्याप्रमाणे भाव असतो. कोरल कोर्टाचं एखादं कार्ड मात्र जरूर घ्या. १९९५ मध्ये ते पाडलं, आणि त्याचा एक भाग सेंट लुईसजवळच्या वाहतूक संग्रहालयात उभा करून ठेवला आहे. कार्ड घेऊन तिथे जाता येईल. बाकी पैसे कुणी नाव न ऐकलेल्या, बारा खोल्यांच्या मोटेलांवर घाला. ती डॉलर-दोन डॉलरच्या खोक्यांत असतात, आणि लिहिलेली असली की आणखी स्वस्त. पुढच्या प्रदर्शनात त्या विक्रेत्याकडे त्याची नकोशी कार्डं कुठल्या खोक्यात आहेत, तेवढं विचारा.

एक गोष्ट कार्डावर कुठेच छापलेली नसते, ती लक्षात ठेवून संग्रह करा. लाल छपराच्या या खोल्यांपैकी कितीतरी खोल्या कृष्णवर्णीय प्रवाशाला मिळत नसत. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारे पोस्टमन व्हिक्टर ग्रीन १९३६ पासून कुठे मुक्काम मिळेल याची पुस्तिका काढत होते, ती याच कारणाने. कायद्याने हे बंद झालं १९६४ मध्ये. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं ए. जी. गॅस्टन मोटेल १९५४ साली एका कृष्णवर्णीय उद्योजकाने बांधलं. १९६३ च्या आंदोलनात मार्टिन ल्यूथर किंग तिथेच उतरले होते आणि त्याच वर्षी त्याच्यावर बॉम्ब टाकला गेला. ते ६६ वर नाही, पण त्याचं कार्ड मिळालं तर नियम मोडून घ्या. आनंदी कुटुंबांच्या शेकडो कार्डांमध्ये ते असायलाच हवं.

जपण्याचं थोडक्यात. बुटांचं खोकं आधी बदला, त्याच्या पुठ्ठ्यातल्या आम्लाने कार्डं पिवळी पडतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरची पाकिटं घ्या, पीव्हीसीची नकोत. लॅमिनेशन, सेलोटेप, रबरबँड, चिकट पानांचे अल्बम यांतलं काहीही कार्डाच्या जवळ आणू नका. तिकिटं सोडवू नका, तुमच्या कार्डाचं तिकीट गेलं असतं तर वरचं सगळं गणित गेलं असतं. नोंदी कार्डावर नको, पाकिटात घातलेल्या चिठ्ठीवर पेन्सिलने करा. कॉन्डोत गेल्यावर खोकं बाहेरच्या भिंतीला लागून किंवा तळघरातल्या कोठारात ठेवू नका, आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. बुरशीचा वास येणारी कार्डं वेगळी काढा, ती बाकीच्यांना बिघडवतात.

जाण्याआधी हिवाळ्यात एक काम उरकून घ्या. प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करा आणि कार्डं रस्त्याच्या क्रमाने, शिकागोकडून पश्चिमेला, लावा. राज्यांप्रमाणे किंवा रंगांप्रमाणे लावू नका. ओळीने लावली की लगेच दिसतं कुठल्या गावात दहा मोटेलं होती आणि कुठे पन्नास मैल एकही नाही. आणि एखादा दिवस काढून गाडीने शिकागोत न्यूबेरी ग्रंथालयात जा. कर्ट टाइक कंपनी १९७८ मध्ये बंद पडली, तिचा सगळा कार्डसंग्रह आता तिथे आहे. त्यातला काही भाग घरबसल्याही पाहता येतो. जॉन मार्गोलिस यांनी रस्त्याकडेच्या इमारतींचे काढलेले ११,७१० फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसने सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. कार्डावरचं मोटेल नंतर खरं कसं दिसत होतं, हे त्यात कधी कधी सापडतं.

आईंचा प्रश्न मला योग्य वाटतो आणि त्याला सरळ उत्तर आहे. ती पत्रं उघडीच होती. पोस्टमनने, शेजाऱ्याने वाचावीत अशीच लिहिली जात, म्हणून त्यात गुपितं नसतात. असतं काय, तर आज किती मैल झाले, ऊन किती होतं, पोरं कशी वागली, खोलीला किती पडले. मोठी माणसं आपली चरित्रं लिहून ठेवतात. पगारी माणसाच्या वर्षाच्या एकमेव सुट्टीची एवढी नेमकी, तारखेसकट, जागेवर बसून लिहिलेली नोंद दुसरीकडे कुठे मिळणार? आईंना सांगा, की आपल्या घरातल्या कुणी महाबळेश्वरहून किंवा गोव्याहून टाकलेलं कार्ड परक्या माणसाच्या हाती गेलं, तर त्याने ते टाकून द्यावं की जपावं, हे त्यांनीच ठरवावं. तुम्ही एकच पथ्य पाळा: स्कॅन कुणाला दाखवताना पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, पत्ता झाका. तलावातली पोरं आज सत्तरीच्या घरात असतील.

आणि त्या मोटेलांशी आपल्याकडच्या माणसांचं नातं अगदीच नाही असं नाही. नव्या महामार्गांनी धंदा बसवला, मोटेलं स्वस्तात निघाली, आणि १९७० नंतर ती मोठ्या संख्येने गुजराती कुटुंबांनी घेतली. मागच्या एका खोलीत घर, पुढे काउंटर, चादरी धुण्यापासून हिशेबापर्यंत सगळी कामं घरच्यांनीच करायची. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त मोटेलं आज भारतीय वंशाच्या मालकांकडे आहेत ती त्यातूनच. उशिराच्या एखाद्या क्रोम कार्डामागे मालक म्हणून पटेल हे आडनाव दिसलं तर ते जुन्या कार्डाच्या शेजारीच लावा. आणि तुमच्या कार्डांपैकी जे मोटेल अजून उभं असेल, त्याच्या मालकांना स्कॅनची एक प्रत पाठवून द्या. मोटेल अनेक हातांतून गेलेलं असतं, जुनं चित्र त्यांच्याकडे बहुधा नसतं.

तुमच्यानंतर खोकं कुठे जावं, हेही आताच एका कागदावर लिहून खोक्यात घाला, मुलांवर सोडू नका. तुमच्यापासून गाडीने जाण्यासारख्या अंतरावर पाँटियाकला ६६ नंबरच्या रस्त्याचं संग्रहालय आहे, पहिली चौकशी तिथे करा. कार्डं स्कॅन केलेली आणि रस्त्याच्या क्रमाने लावलेली असली तर त्यांना निर्णय घेणं सोपं जाईल.